मडगार्डवरची तीन अक्षरं

भादव्यात अमळनेरहून चोपड्याला निघालो होतो. तापी ओलांडली, पाच-सात किलोमीटर गेलो असेन, तर रस्त्याच्या कडेला केळीचा ट्रक भरत होता. सकाळीच सर पडून गेलेली. वावरातून निघालेल्या ट्रॅक्टरने चाकांसोबत आणलेली काळी माती डांबरावर पसरली होती आणि तिच्यावर केळीची पानं. मी माणूस चालतो त्या वेगाने, हँडल वळवून, ट्रकला वळसा घालत होतो. डोक्यावर घड घेतलेला एक मजूर अचानक समोर आला आणि मी उजव्या हाताने ब्रेक आवळला. पुढचं काही कळायच्या आत मी डाव्या कुशीवर होतो आणि गाडी माझ्या पायावर.

लागलं फार नाही. कोपर सोलला, आरसा फुटला. घडवाल्याने घड खाली ठेवून गाडी उचलली. ट्रकवर उभा असलेला पोरगा मात्र खाली येईना. त्याची नजर पुढच्या मडगार्डवरच्या 'एबीएस' या तीन अक्षरांवर होती, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. तिथून त्याने विचारलं, "अप्पा, एबीएसनी गाडी शे ना तुमनी? मंग पडनात कसं?"

मला उत्तर देता आलं नाही. विकत घेताना शोरूममधल्या मुलाने सांगितलं होतं, "काका, एबीएस आहे, आता घसरायचा प्रश्नच नाही." त्या वाक्यावर मी पैसे मोजले होते. ट्रकवरच्या पोराचा प्रश्न पुढे महिनाभर डोक्यातून गेला नाही. तो माझ्यापुरता नाही, म्हणून हा लेख.

जून २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक मसुदा काढला. १ जानेवारी २०२६ पासून बनणाऱ्या दुचाकींना, इंजिन कितीही लहान असो, एबीएस असलंच पाहिजे, असं त्यात होतं. त्याआधीचा नियम अर्धा होता. १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलांना आणि १ एप्रिल २०१९ पासून सगळ्याच नव्या गाड्यांना, पण १२५ सीसीच्या वर असेल तरच. त्याखालच्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी साधी सीबीएस पुरे होती. आता खानदेशात रस्त्यावर काय धावतं ते पाहा. एमएच १८, १९ किंवा ३९, पाटी कोणतीही असो, शंभर-सव्वाशे सीसीच्याच गाड्या जास्त. तिच्यावर दुधाच्या कॅन, चाऱ्याचा भारा, कापसाचं गाठोडं, शाळेतली दोन पोरं. सक्ती झाली तर ती या गाड्यांवर येणार. मसुदा निघताच कंपन्यांनी मुदत, खर्च आणि सुट्या भागांचा पुरवठा अशा अडचणी पुढे केल्या. आणि आपल्याकडे पारावर जी चर्चा झाली ती दोनच वाक्यांत संपली. एक म्हणतो, "एबीएस आलं की अपघात संपले." दुसरा म्हणतो, "कशाचं एबीएस, अप्पा बघा कसे पडले."

दोघेही चूक आहेत, आणि दोघांच्या चुकीचं मूळ एकच. एबीएस कोणत्या वेगाला जागं असतं हे दोघांनाही कुणी सांगितलेलं नाही.

यंत्र तसं समजायला अवघड नाही. चाकासोबत फिरणारी खाचांची एक चकती असते, तिच्याजवळ एक सेन्सर. खाच समोरून गेली की सेन्सर एक ठोका देतो. ठोके जितके दाट, तितका चाकाचा वेग जास्त. ब्रेक दाबल्यावर हे ठोके अचानक, गाडीच्या खऱ्या वेगाशी न जुळण्याइतक्या झपाट्याने विरळ झाले, तर आतला छोटा संगणक समजतो की चाक जाम व्हायला लागलं. मग तो झडप उघडून ब्रेकच्या तेलाचा दाब क्षणभर सोडतो, चाक पुन्हा फिरू लागलं की परत देतो. सेकंदात अनेक वेळा. हाताला लिव्हरमध्ये जी थरथर लागते ती हीच.

आता साधा हिशोब करू. चकतीला अठ्ठेचाळीस खाचा आहेत आणि टायरचा घेर एक मीटर नव्वद सेंटीमीटर आहे असं धरा. ताशी ६० किलोमीटर वेगाला सेन्सरसमोरून सेकंदाला सव्वाचारशेच्या आसपास खाचा जातात. भरपूर बातमी मिळते, निर्णय घ्यायला सवड मिळते. ताशी ५ किलोमीटरला त्याच सेकंदात पस्तीसेक खाचा जातात. आणि कोरड्या डांबरावर त्या वेगातून गाडी थांबायला चौदा-पंधरा सेंटीमीटर लागतात. म्हणजे ब्रेक दाबल्यापासून गाडी उभी राहीपर्यंत तीन-चार खाचा सरकल्या की खेळ संपला. तेवढ्या ठोक्यांवरून चाक जाम होतंय की गाडी नीट थांबतेय, हे ठरवायचं कसं?

याहून मोठी अडचण पुढे आहे. उभं राहिलेलं चाक आणि जाम झालेलं चाक, सेन्सरला दोन्ही सारखीच दिसतात. ठोके बंद, एवढंच त्याला कळतं. समजा लळिंगच्या घाटात ट्रकांची रांग लागली आणि तुम्ही उतारावर ब्रेक धरून उभे आहात. एबीएस शून्य वेगापर्यंत जागं असतं तर त्याला वाटलं असतं, चाक फिरत नाही म्हणजे जाम आहे, सोडा दाब. गाडी पुढच्या ट्रकखाली. म्हणून यंत्र बनवणारे एक उंबरठा ठेवतात. त्याच्या खाली वेग गेला की एबीएस बाजूला होतं आणि ब्रेक तुमच्या हाताच्या हवाली करतं. हा उंबरठा गाडीगणिक वेगळा, पण साधारण ताशी ५ ते १० किलोमीटरच्या पट्ट्यात असतो. हा दोष नव्हे. असा उंबरठा नसलेली गाडी मी तरी घेणार नाही.

याचा पुरावा रोज आपल्या डोळ्यांसमोर पेटतो. चावी फिरवली की मीटरमध्ये एबीएसचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी थोडी चालल्याशिवाय विझत नाही. चाक फिरल्याचं सेन्सरने पाहिल्याशिवाय यंत्र स्वतःची खात्री देत नाही. दोन्ही चाकांना सेन्सर असलेली गाडी मधल्या स्टँडवर लावून मेकॅनिकने मागचं चाक जोरात फिरवलं तर कधी कधी तो दिवा पेटूनच राहतो. मागचं चाक पळतंय आणि पुढचं ढिम्म, हे त्याला पटत नाही. लोक घाबरून म्हणतात, एबीएस उडालं. बहुतेक वेळा ते नुसतं गोंधळलेलं असतं, गाडी बंद करून पुन्हा सुरू केली आणि थोडी चालवली की शांत होतं.

मग सरळ प्रश्न येतो. चालत्या माणसाच्या वेगाला झोपणारं हे यंत्र शेतकऱ्याच्या गळ्यात का मारायचं?

कारण माणसं त्या वेगाला मरत नाहीत. धुळे ते जळगाव चौपदरी झाल्यापासून पारोळा, एरंडोल, पाळधी या पट्ट्यात शंभर सीसीची गाडीही साठ-सत्तरने पळते. समोरून उलट्या दिशेने मोटरसायकल येते, कारण पुढचा कट दोन किलोमीटरवर आहे आणि पेट्रोल महाग आहे. (ही सवय कोणतंही यंत्र सुधारणार नाही.) साठचा वेग दहाच्या सहापट, पण थांबवताना जिरवायची ऊर्जा छत्तीसपट. सरळ, कोरड्या रस्त्यावर ६० वरून थांबायला, हात हलेपर्यंतचा वेळ सोडून, वीसेक मीटर लागतात. त्यातला शेवटचा ताशी ६ किलोमीटरचा भाग, जिथे एबीएस बाजूला झालेलं असतं, तो या अंतराच्या एक टक्का. वीस मीटरमधले वीस सेंटीमीटर. म्हणजे आपली एक वीतही भरत नाही. वेळ पाव सेकंद. तेवढ्यात गाडी पडायलाही सवड नाही. बाकीचे एकोणीस मीटर ऐंशी सेंटीमीटर यंत्र राखण करतं. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची. अमेरिकेत महामार्ग सुरक्षेवर काम करणाऱ्या विमा कंपन्यांच्या संस्थेने एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या मोटरसायकलींची तुलना केली, तेव्हा एबीएसवाल्यांत जीवघेण्या अपघातांचं प्रमाण २२ टक्क्यांनी कमी निघालं. तिथल्या गाड्या आणि रस्ते आपल्यासारखे नाहीत हे मान्य. पण जाम चाक सगळीकडे सारखंच घसरतं.

माझं पडणं मात्र त्या शेवटच्या विती-दीड वितीत का झालं, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर ट्रकवरच्या पोराला उत्तर मिळणार नाही. ओल्या काळ्या मातीवर टायरची पकड कोरड्या डांबराच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही राहत नाही. तीच ताशी ६ किलोमीटरची गती मोडायला तिथे वितीऐवजी पाऊण मीटर लागतो आणि पाव सेकंदाऐवजी पाऊण सेकंदाच्या वर वेळ. त्या सगळ्या वेळात माझं पुढचं चाक जाम होतं. आणि दुचाकी उभी राहते ती पुढच्या चाकाच्या जोरावर. गाडी डावीकडे कलली की आपण नकळत हँडल डावीकडे देऊन चाक तिच्याखाली नेतो. जाम चाक कुठेच नेता येत नाही. टायरची पकड म्हणजे मुठीतला एकच पैसा, तो घसरण्यात खर्च झाला तर आडव्या जोराला उरत नाही. त्यात माझं हँडल आधीच वळलेलं. वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक आवळला की चाक आणखी आत दुमडतं. पाय टेकवावा तर पायाखाली केळीचं पान.

यात एबीएसचा काही दोष नव्हता. गाडी उंबरठ्याच्या खाली होती. दोष असलाच तर माझ्या बोटांचा, आणि "घसरायचा प्रश्नच नाही" या वाक्याचा. त्या वाक्याने बोटांना आवळायची मुभा दिली. पूर्वीच्या गाडीवर मी अशा गाऱ्यातून जाताना पुढच्या ब्रेकला बोट लावलं नसतं.

आणि इथे आपल्याकडची एक जुनी खोड सांगायलाच हवी. "पुढचा ब्रेक दाबू नको, पलटी खाशील," हे आपल्याकडे बाप मुलाला सायकलपासून शिकवतो. मलाही शिकवलं. गाऱ्यात, वळलेल्या हँडलवर, सावकाश वेगाला तो सल्ला खराच आहे. पण तोच सल्ला घेऊन मुलगा हायवेवर जातो आणि घोटाळा होतो. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं. कोरड्या रस्त्यावर जोरात थांबताना पुढचा ब्रेक सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त काम करतो. नुसत्या मागच्या ब्रेकवर थांबायचं अंतर जवळजवळ दुप्पट होतं. मागे गाठोडं किंवा तिसरा माणूस असेल तर मागच्या चाकाला थोडा जास्त जोर मिळतो, पण म्हणून पुढचं सोडून द्यावं इतका नाही.

आता हे कायद्याशी जोडून पाहा. आपल्या स्वस्त गाड्यांवरचं एबीएस बहुधा एका चाकाचं असतं, पुढच्या. मागच्या चाकाला ड्रम ब्रेक असेल तर त्याला तेलाचा दाब नसतो, म्हणून तो सोडता-धरताही येत नाही. म्हणजे गाडीवर तीन अक्षरं आहेत, यंत्र पुढच्या चाकावर आहे, आणि चालवणारा जन्मभर फक्त मागचा पाय दाबतो. त्याच्यासाठी ते यंत्र असून नसल्यासारखं. मागचं चाक जाम होणार, गाडी शेपटी हलवणार, आणि तो गावात येऊन सांगणार की एबीएस खोटं आहे. या माणसाला कदाचित साध्या सीबीएसचाच जास्त उपयोग झाला असता, कारण तिथे मागचा पाय दाबला तरी पुढचा ब्रेक थोडा लागतो. हे कुणी बोलत नाही. सक्तीच्या बाजूचेही नाही आणि विरोधातलेही नाही.

खर्चाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. शंभर सीसीच्या ज्या गाड्यांना पुढेही ड्रम आहे, त्यांना एबीएस द्यायचं तर आधी डिस्क द्यावी लागेल, म्हणजे किंमत काही हजारांनी वाढेल. पण सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. मूळ किंमत साठ हजार धरली तर सहा हजार रुपये सुटले. त्यातून पुढच्या चाकाचा एबीएस बसत नाही असं म्हणणाऱ्याने आकडे उघडे करावेत. "आता नाही परवडत" हे वाक्य तसं फार जुनं आहे. विमानांसाठी बनलेली मॅक्सरेट ही जाम न होऊ देणारी ब्रेक यंत्रणा १९५८ मध्ये इंग्लंडच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने एका रॉयल एनफील्ड सुपर मिटिअरवर बसवून तपासली होती. निसरड्या रस्त्यावर फायदा दिसला, तरी ती गाडी बाजारात आली नाही. विक्रीच्या मोटरसायकलीवर इलेक्ट्रॉनिक एबीएस यायला १९८८ उजाडलं, बीएमडब्ल्यूच्या के १०० वर, वजन अकरा किलोच्या घरात. आज तोच डबा एक किलोच्या आत आहे. आपल्याकडे टीव्हीएसने २०११ मध्ये अपाचेवर दिला. तीस वर्षं थांबायची सवय कंपन्यांना आहे. आपल्याला परवडत नाही ती ही सवय.

दुरुस्तीचं म्हणणं जास्त खरं वाटतं. तालुक्याच्या गावात सेन्सर आणि चकती यांच्यामधली फट नीट करणारा, दिव्याचा कोड वाचणारा मेकॅनिक सहज मिळत नाही. गाऱ्यातून आलेली गाडी वॉशिंगला लावली की प्रेशरचा फवारा थेट सेन्सरवर मारतात. ब्रेकचं तेल हवेतली ओल ओढतं, दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि आपल्याकडे ते गळल्याशिवाय कुणाला आठवत नाही. ज्या कंपनीला ही गाडी शहादा-तळोद्याला विकायची आहे, तिने तिथल्या मेकॅनिकला शिकवायची जबाबदारीही घ्यावी. ही अट सक्तीच्या आदेशातच हवी. मागाहून येणारी परिपत्रकं आपण पाहिलेली आहेत.

खडी-मुरमाच्या रस्त्यावर एबीएस थांबायचं अंतर वाढवतं, हा आक्षेपही खरा. जाम चाक मुरमात रुततं, समोर ढीग लोटतं आणि त्या ढिगाने गाडी थांबते. फिरतं चाक ढिगावरून निघून जातं. शिवाररस्त्यावर हे जाणवतं. पण त्या रस्त्यावर साठने कुणी जात नाही, आणि ज्याला जायचं आहे त्याच्यासाठी ब्रेक बनलेला नाही.

म्हणून माझं मत असं की सक्ती व्हावी, लहान गाड्यांवर आधी व्हावी, आणि तिच्यासोबत खरं सांगायचीही सक्ती व्हावी. एबीएस लिहिलेल्या प्रत्येक गाडीवर, टाकीवर किंवा मीटरजवळ, मराठीत दोन गोष्टी लिहा: हे कोणत्या चाकावर आहे आणि कोणत्या वेगाखाली काम करत नाही. सिगारेटच्या पाकिटावर जागा मिळते, टाकीवर नाही मिळणार?

आणि लायसन्सची परीक्षा. आपण आरटीओत काय करतो? आठचा आकडा काढतो, सावकाश, पाय न टेकवता. तोल पाहायला चांगलं आहे. पण तो सगळा खेळ एबीएसच्या उंबरठ्याच्या आसपासचा. चाळीसच्या वेगाने सरळ येऊन दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून गाडी थांबवून दाखव, असं मला तरी कुणी कधी सांगितलं नाही. ज्या प्रसंगात जीव जातो किंवा वाचतो, त्याचा सराव माणूस पहिल्यांदा त्या प्रसंगातच करतो. लिव्हरची थरथर लागली की नवखा घाबरून ब्रेक सोडून देतो, कारण त्याला वाटतं काहीतरी तुटलं.

मी पन्नाशीनंतर हा सराव केला, एका रविवारी, बाजार समितीच्या रिकाम्या आवारात, भाच्याला सोबत घेऊन. कोरड्या काँक्रीटवर आम्ही मुद्दाम बारीक रेती टाकली आणि हँडल सरळ ठेवून तिच्यावर ब्रेक मारले. पस्तीसला बोटांना थरथर लागली, गाडी सरळ उभी राहिली. पंचवीसला तेच. पंधराला थरथर आली आणि शेवटी गेली. मग भाचा म्हणाला, "मामा, आता चालत्या वेगाने." पाच-सहाच्या वेगाला दाबला. काहीच थरथरलं नाही. चाक जागच्या जागी थांबलं, गाडी फूटभर फरफटत गेली आणि मी पाय टेकवून वाचलो. भाचा हसत होता. मी घरी आलो आणि गाडीसोबत मिळालेली पुस्तिका पहिल्यांदा प्लास्टिकमधून बाहेर काढली. ठरावीक वेगाखाली एबीएस काम करत नाही ही ओळ तिच्यात होती. मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, इंग्रजीत.